जुना पीसी, नवी एसएसडी: स्वस्तातली कोणती घ्यायची आणि कोणती फुकट दिली तरी नको

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी पुण्याहून सेलूला मामांकडे गेलो होतो. मामांचं आपले सरकार सेवा केंद्र आहे. खरीप पीक विम्याची मुदत जवळ आलेली, त्यामुळे दुकानाबाहेर पंधरा-वीस माणसं उभी. कुणी वालूरहून आलेलं, कुणी चिकलठाण्याहून. प्रत्येकाच्या हातात सातबारा, आठ-अ, पासबुकाची झेरॉक्स. आत मामा माउस आपटत बसलेले. स्कॅन केलेली फाईल उघडायला अर्धा मिनिट, ब्राउझरचा नवा टॅब उघडायला तेवढंच, आणि मध्येच सगळं गोठून बसायचं. मला बघून म्हणाले, "कामून रे, हे असं करायलंय? सकाळी चालू केलं की चहा पिऊन येतो, तरी नुसतं गोलच फिरायलंय."

त्यांना एकाने नवा पीसी घ्यायचा सल्ला देऊन बत्तीस हजारांचं कोटेशनही दिलं होतं. मी म्हणालो, मामा, दोन दिवस थांबा. शेवटी काम झालं ते पावणेदोन हजारांत. एसएसडी कशी निवडायची, कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, हे त्या निमित्ताने नीट लिहून काढतोय, कारण परभणीतले मित्र वर्षातून चार वेळा तरी हाच प्रश्न विचारतात.

आधी दुखणं डिस्कचंच आहे का ते बघा

पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करा. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' नावाचा टॅब आहे. पीसी अडकलेला असताना तिथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तिघांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकलंय ते बघा.

मामांच्या पीसीवर सीपीयू १२ टक्के होता आणि डिस्क १०० टक्के. गंमत म्हणजे त्याच वेळी डिस्कचा वाचनाचा वेग दाखवत होता सेकंदाला एक-सव्वा एमबी. म्हणजे डिस्क पूर्ण ताकदीने राबतेय आणि काम होतंय चिमूटभर. असं दिसलं की समजायचं, एसएसडीने फरक पडणार, आणि तो डोळ्यांना दिसेल एवढा पडणार.

उलट, पोर्टलवर 'सबमिट' दाबलं, गोल फिरतंय आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क, सीपीयू सगळे निवांत आहेत, तर दोष तुमच्या पीसीचा नाही. तिकडचा सर्व्हर दमलाय किंवा तुमचं नेट. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळा महाराष्ट्र एकाच पोर्टलवर तुटून पडतो, तेव्हा जगातली सर्वांत महाग एसएसडी लावली तरी काही उपयोग नाही. हे मी मामांना आधीच सांगून टाकलं, नाही तर नंतर ऐकून घ्यावं लागलं असतं.

मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर थोडी वेगळी भानगड आहे. रॅम कमी पडली की विंडोज रॅममधला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. हार्ड डिस्कवर हा प्रकार फारच रडतखडत चालतो. एसएसडी लावल्यावर तो जाणवेनासा होतो, पण संपत नाही. ४ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर चालवणं म्हणजे एका खाटेवर सहा जण झोपवणं. जमत असेल तर एसएसडीसोबत रॅम ८ जीबी करून घ्या. जुन्या पीसीला लागणारी डीडीआर३ रॅम वापरलेली मिळते आणि वापरलेली घेतली तरी सहसा बिघडत नाही. वापरलेली एसएसडी मात्र घेऊ नका. का, ते पुढे येईल.

अजून एक. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आहे. तो जुन्या हार्ड डिस्कची तब्येत सांगतो. निळ्याऐवजी पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवलं, तर एसएसडीचा विचार दुपारी करा, सकाळी आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा.

हार्ड डिस्क एवढी मंद का?

तलाठी कार्यालयातलं दप्तर डोळ्यासमोर आणा. फेरफारचा एक कागद हवा असेल तर कुणाला तरी उठून कपाटापर्यंत जावं लागतं, बरोबर गठ्ठा काढावा लागतो, पान शोधावं लागतं. कागद वाचायला दोन सेकंद, शोधायला दहा मिनिटं. हार्ड डिस्कचं तसंच आहे. आत एक चकती फिरते आणि तिच्यावर एक काटा सरकतो. डेस्कटॉपमधली चकती मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा काट्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि काटा योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण १३ मिलिसेकंद धरा. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० वेळा शोधाशोध.

आता विंडोज सुरू होताना काय करतं? एक मोठी फाईल सलग वाचत नाही. इकडची तिकडची हजारो छोटी छोटी तुकडी वाचतं, बऱ्याचशा ४ केबीच्या. ८० गुणिले ४ केबी म्हणजे सेकंदाला ३२० केबी. तीच हार्ड डिस्क एक मोठा सिनेमा सलग वाचताना सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते. पण विंडोज काही सिनेमा नाही. मामांच्या डिस्कवर शंभर टक्के काम आणि सव्वा एमबीचा वेग दिसत होता तो यामुळे.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. फ्लॅश चिप असतात, कुठलाही पत्ता मागा, मिलिसेकंदाच्या छोट्याशा भागात उत्तर. अगदी स्वस्तातली साटा एसएसडीसुद्धा अशी छोटी वाचनं एकामागून एक करत सेकंदाला सहा-सात हजार करते. ८० कुठे आणि ६००० कुठे!

इथेच खरेदीची खरी मेख आहे. दुकानदार म्हणेल, साटा कशाला घेता, एनव्हीएमई घ्या, सेकंदाला ३५०० एमबी देते, साटा फक्त ५५०. आकडे खरे आहेत. पण ते मोठी फाईल सलग वाचण्याचे. छोट्या वाचनात साधी एनव्हीएमई साटाच्या दुप्पट, फार तर अडीच पट. हार्ड डिस्कवरून साटावर आलात तर ऐंशी पट उडी, साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर दुप्पट. फॉर्म भरणं, टायपिंग, प्रिंट, टॅली, ब्राउझर एवढंच काम असेल तर ही दुसरी उडी बऱ्याच जणांना कळतसुद्धा नाही. त्यामुळे खोक्यावरच्या वेगाच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. ते पैसे भरवशासाठी ठेवा. भरवसा म्हणजे काय, त्याकडे येतोच.

तुमच्या पीसीत कोणती बसते?

मदरबोर्डवर छोटी आडवी एम.२ ची खाच नसेल तर प्रश्नच नाही, २.५ इंची साटा एसएसडी घ्या. दहा-बारा वर्षं जुन्या बहुतेक पीसींचं असंच असतं. एच६१ चिपसेटचे बोर्ड आपल्याकडे अजून सर्रास सापडतात. त्यावर जुन्या पिढीचे, ३ गिगाबिटचे साटा पोर्ट असतात. एसएसडी तिथे ५५० ऐवजी २८० एमबीच्या आसपास थांबेल. वाईट वाटून घेऊ नका, छोट्या वाचनाचा वेग जवळपास तेवढाच राहतो, आणि आपल्याला हवा आहे तो तोच. एच८१ असेल तर मात्र लक्ष द्या: त्यावर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे असतात. बोर्डावर पोर्टशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एसएसडी वेगवान पोर्टला, जुनी हार्ड डिस्क दुसऱ्याला.

एम.२ खाच असेल तर एक फसगत टाळा. एम.२ हा फक्त आकार आहे. २२८० लिहिलेलं असतं ते २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब एवढंच सांगतं. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. खाच फक्त एकाच प्रकाराची असेल आणि तुम्ही दुसरा प्रकार आणला तर पट्टी बसेल, स्क्रूसुद्धा लागेल, पण पीसीला काहीच दिसणार नाही. माझ्या एका मित्राने हा प्रयोग स्वखर्चाने केलाय. बोर्डाचं मॉडेल नेटवर टाकून माहितीपत्रक बघा, मगच पैसे द्या. दोन्ही चालत असतील आणि किमतीत फरक नसेल तर एनव्हीएमई घ्यायला हरकत नाही.

स्वस्त आणि हलकी यातला फरक

फ्लॅश चिपमधल्या प्रत्येक कप्प्यात विजेचा थोडासा भार साठवलेला असतो. एका कप्प्यात एकच बिट ठेवायचा तर दोनच अवस्था ओळखायच्या, भरलेला की रिकामा. तीन बिट ठेवायचे तर आठ अवस्था, चार बिट ठेवायचे तर सोळा. तांब्या भरलाय की रिकामा हे अंधारातही कळतं, पण तो सोळापैकी नेमका कितव्या रेघेपर्यंत भरलाय हे सांगायला वेळ लागतो, आणि तांब्या जुना झाला की रेघा पुसट होतात. तीन बिटवाल्याला टीएलसी म्हणतात, चार बिटवाल्याला क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त पडते, पण लिहायला मंद आणि झिजायला लवकर. विंडोजच्या ड्राइव्हसाठी शक्यतो टीएलसी बघा.

अडचण अशी की स्वस्त मॉडेलच्या खोक्यावर हे बहुधा लिहिलेलंच नसतं, आणि एकाच नावाखाली आतल्या चिप पुढेमागे बदलतात. मग सामान्य माणसाने बघायचं काय? दोन गोष्टी: वॉरंटीची वर्षं आणि टीबीडब्ल्यू. टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या हिशेबाने त्या ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येईल तो आकडा. आत काय घातलंय ते कंपनीला माहीत असतं, आणि तिचा स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे ते या दोन आकड्यांत उतरतं.

उदाहरणार्थ किंग्स्टनची ए४०० घ्या. २४० जीबीला ८० टीबीडब्ल्यू, ४८० ला १६०, वॉरंटी तीन वर्षं. क्रुशलची बीएक्स५००: २४० ला ८०, ४८० ला १२०, तीच तीन वर्षं. वरच्या वर्गातली सॅमसंगची ८७० ईव्हीओ २५० जीबीला १५० देते आणि वॉरंटी पाच वर्षं, पण किंमतही तशीच. आता ८० टीबी म्हणजे किती? रोज २० जीबी लिहिलं, जे मामांच्या दुकानात मुदतीच्या दिवशीही होत नाही, तरी ४००० दिवस. अकरा वर्षं. त्यामुळे सेवा केंद्र, किराणा दुकानाचं बिलिंग, शाळेचं ऑफिस, घरचा पीसी या सगळ्यांना तीन वर्षं वॉरंटीवाली नावाजलेली साधी एसएसडी पुरून उरते. लग्नाचं शूटिंग एडिट करणारे असाल तर नाही. तुम्ही एका वेळी पन्नास-शंभर जीबी ओतता. स्वस्त ड्राइव्ह सुरुवातीचे काही जीबी एका जलद राखीव जागेत घेतो, ती भरली की वेग धाडकन कोसळतो, क्यूएलसी असेल तर हार्ड डिस्कच्याही खाली. तुम्ही वरच्या वर्गातलीच घ्या.

क्रुशलबद्दल एक ताजी गोष्ट. तिची मूळ कंपनी मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुरवठा फेब्रुवारी २०२६ पर्यंत, वॉरंटीची सेवा मात्र पुढेही चालू राहील असं कंपनीने सांगितलंय. दुकानात शिल्लक माल दिसेल. घ्यायला हरकत नाही, फक्त बिल जपून ठेवा.

किमतीचं काय? २०२३ मध्ये २४० जीबीची चांगली एसएसडी दीड हजाराच्या आसपास मिळायची. २०२५ च्या शेवटापासून भाव चढले, कारण एआयची डेटा सेंटरं मेमरी चिप गाडीभर उचलतायत आणि त्या चिप बनवणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. तूर निघायच्या वेळी मोंढ्यात बसावं तसं झालंय, सकाळचा भाव संध्याकाळी नसतो. म्हणून आजचा आकडा इथे लिहीत नाही. स्टेशन रोडवरच्या दोन-तीन दुकानांत आणि ऑनलाइन, दोन्हीकडे विचारा. पाच टक्क्यांचा फरक असेल तर मी दुकानातूनच घेतो. बिघडली तर जाऊन उभं राहायला एक दार तरी असतं. वॉरंटीत बदलून घ्यायला कुरिअर कोण करणार, तेवढं आधीच विचारून घ्या.

क्षमता? १२० जीबी घेऊ नका. विंडोज, अपडेट आणि दोन-चार प्रोग्राममध्येच ती भरते, आणि भरत आलेली एसएसडी मंदावते. २४० हा किमान आकडा, ४८० परवडली तर उत्तम. आणि हो, २४० ची एसएसडी विंडोजमध्ये २२३ दिसते, ४८० ची ४४७. ही फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजते, विंडोज १०२४ च्या पाढ्याने मोजतं.

खरी फसवणूक अशी दिसते

मामांनी माझ्या आधी स्वतःच एक उपाय करून बघितला होता. एका ऑनलाइन साइटवर '१ टीबी पोर्टेबल एसएसडी' नऊशे रुपयांत दिसली. आली, लावली, विंडोजने ९३१ जीबी दाखवलं. मामा खूश. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाचं सगळं शूटिंग आणि फोटो, शंभरेक जीबी, त्यावर टाकले, आणि पीसीवर जागा व्हावी म्हणून मूळ फाईली डिलीट केल्या.

दोन महिन्यांनी तिच्या सासरच्यांनी व्हिडिओ मागितला. फाईलींची नावं दिसत होती, आकार दिसत होता, पण हळदीनंतरचं काहीच उघडेना. मी ती डबी उघडली. आत एक छोटं सर्किट आणि त्यात खोचलेलं ६४ जीबीचं मेमरी कार्ड. कार्डातल्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं: विचारलं की एक टीबी सांगायचं, ६४ भरले की पुढचं सगळं निमूटपणे घ्यायचं आणि टाकून द्यायचं. चूक झाल्याचा मेसेजसुद्धा नाही. फोटोग्राफरकडे जुनी कॉपी आहे का विचारलं, त्याने सहा महिन्यांनंतर जागा मोकळी केली होती. लग्न लागल्याचा व्हिडिओ आज कुणाकडेच नाही. मामी अजून तो विषय निघाला की उठून आत जातात.

त्यामुळे नियम सोपा ठेवा. बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किमतीत एसएसडी मिळत असेल तर ती एसएसडी नाही. खोक्यावर टीबीडब्ल्यू, वॉरंटी आणि अनुक्रमांक नसेल तर घेऊ नका. मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर अनुक्रमांक टाकून वॉरंटी तपासता येते, दुकानात उभं राहूनच तपासा. जीएसटीचं बिल घ्या. आणि घरी आणल्यावर एच२टेस्टडब्ल्यू हा फुकट प्रोग्राम चालवा. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. वेळ खातो, पण खोटी क्षमता हमखास पकडतो. ही चाचणी वारंवार करू नका, एकदाच, नवीन असताना.

वापरलेली एसएसडी नको म्हणालो तेही या भरवशामुळेच. हार्ड डिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा कुरकुरते, टकटक आवाज करते. एसएसडी बोलत नाही. काल चालू होती, आज पीसीला दिसतच नाही, असं होतं. आणि तिच्यावरून डिलीट झालेला डेटा परत मिळणं फार अवघड, कारण विंडोज रिकामे झालेले कप्पे पुसायला सांगतं आणि ती ते खरंच पुसते. आधीच्या मालकाने किती झिजवली आणि उन्हात कुठे ठेवली, कोण सांगणार.

बसवताना

काम अर्ध्या तासाचं आहे. कॅबिनेट उघडा, एक जास्तीची साटा केबल आणि एसएमपीएसमधून येणारी साटाची पॉवर पिन जोडा. एसएमपीएसला ती पिन शिल्लक नसेल तर स्प्लिटर लागतो, तो बरा घ्या. वीस रुपयांच्या प्लास्टिक ओतलेल्या कनेक्टरमध्ये तारा आतल्या आत चिकटून जळाल्याची उदाहरणं आहेत. एसएसडीसाठी खास चौकट नसली तरी चालतं. आत हलणारं काही नसल्याने दोन स्क्रूवर किंवा चक्क दुहेरी टेपवरही ती सुखाने राहते.

जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्यावर घ्यायचं असेल तर क्लोनझिला हा फुकट प्रोग्राम आहे, पण त्याच्यासाठी नवी डिस्क निदान जुन्याएवढी मोठी लागते. ५०० वरून २४० वर जायचं असेल तर तो मार्ग सरळ नाही. मी नवीन विंडोज टाकणंच पसंत करतो. दहा वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा?

नवीन टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. नाही तर विंडोज बऱ्याचदा सुरू होण्याचा छोटा भाग जुन्या डिस्कवर लिहितं, आणि पुढे ती डिस्क काढली की एसएसडी धडधाकट असूनही पीसी चालू होत नाही. बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय असल्याची खात्री करा. विंडोज बसलं, चाललं, मग जुनी डिस्क परत जोडा.

आणि आपल्याकडे हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे फॉन्ट. सेवा केंद्रं, बॉन्ड टाईप करणारे, शाळा, ग्रामपंचायती, सगळ्यांच्या जुन्या फाईली कृतिदेव नाही तर श्रीलिपीमध्ये असतात. फॉरमॅट मारल्यावर त्या उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि माणूस घाबरतो. फाईल बिघडलेली नसते, फॉन्ट गेलेला असतो. आधीच विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून ते पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मामांचे अकरा फॉन्ट होते. सोबत प्रिंटरचा ड्रायव्हर, अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड.

उन्हाचं विचारतात लोक. मे महिन्यात परभणीत पारा बेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या दुकानात तर विचारायलाच नको. साध्या साटा एसएसडीला साधारण ७० अंशांपर्यंत चालायची मुभा असते, त्यामुळे उन्हाची काळजी नको. काळजी लाईटची करा. लिहीत असताना वीज गेली तर एसएसडी आपला डेटा कुठे ठेवलाय त्याचा नकाशाच अर्धवट सोडू शकते. महागड्या सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये तेवढ्यापुरती वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर असतात, आपल्या बजेटमधल्यात नसतात. यूपीएसची बॅटरी मेली असेल तर आधी ती बदला. मामांचा यूपीएस दोन वर्षं नुसता टेबलाचा पाय टेकवायला होता.

जुनी हार्ड डिस्क फेकू नका. तिची तब्येत ठीक असेल तर तीच बॅकअपला. एसएसडी वर्षानुवर्षं बंद करून कपाटात ठेवायची वस्तू नाही, वीज नसताना कप्प्यांतला भार हळूहळू गळतो, आणि उष्णतेत लवकर. हार्ड डिस्क त्या बाबतीत चिवट. मामांच्या पीसीवर आता दर रविवारी स्कॅनचं फोल्डर जुन्या डिस्कवर आणि तिथून एका पेनड्राइव्हवर जातं. पेनड्राइव्ह घरी मामींच्या कपाटात असतो. तो मागायला मामांना परवानगी लागते.

विंडोज १० चं काय करायचं?

हा प्रश्न टाळून एसएसडी घेऊ नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. मामांचा आय३ चौथ्या पिढीचा, म्हणजे अधिकृत रस्ता बंद. लोकांची आधार आणि बँकेची कागदपत्रं हाताळणाऱ्या पीसीवर अपडेट नसलेलं विंडोज ठेवणं मला पटत नाही. लिनक्स मिंट जुन्या पीसीवर एसएसडीसोबत छान पळतं आणि घरच्या वापराला मी तेच सुचवतो. सेवा केंद्रात मात्र अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीची डोंगल त्यावर चालते का, हे आधी तपासावं लागेल.

म्हणून मामांशी हिशेब असा ठरला की हा पीसी आता एक-दीड वर्ष ओढायचा. पावणेदोन हजारांत बत्तीस हजारांचा खर्च तेवढा पुढे ढकलला. पुढचा पीसी घेताना हीच २.५ इंची एसएसडी त्यात दुसरा ड्राइव्ह म्हणून बसेल, त्यामुळे हे पैसेही बुडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी बटण दाबलं आणि सवयीने चहाला निघाले. दारापर्यंत पोचले नाहीत तोवर मागे डेस्कटॉप आलेला. घड्याळ लावून बघितलं: आधी कामाला लागायला साडेतीन मिनिटं, आता २६ सेकंद. पोर्टल त्या दिवशीही दुपारी दोन तास बंदच होतं. ते चालू झाल्यावर मात्र रांग आमच्यामुळे थांबली नाही.

हे बघून मामेबहिणीने तिचा लॅपटॉप पुढे केला, "याला पण लाव ना दादा." तिचा होता ऑनलाइन सेलमधला स्वस्त छोटा, ६४ जीबीचा. तुमच्याकडेही असा असेल तर टास्क मॅनेजरमध्ये किंवा मॉडेलच्या माहितीपत्रकात 'ईएमएमसी' असं लिहिलंय का बघा. ती चिप मदरबोर्डलाच डाग दिलेली असते, बदलता येत नाही. काही मॉडेलमध्ये सोबत एम.२ ची एक रिकामी खाच ठेवलेली असते, मागचं झाकण उघडून खात्री करा. तिच्या लॅपटॉपमध्ये खाच नव्हती.